आईच्या गर्भपिशवीतला तुकडा कशाने घ्यायचा: बारीक नळी, क्युरेटिंग की दुर्बीण?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आईचं वय 64, पाळी जाऊन 13 वर्षं झाली. दोन महिन्यांपूर्वी अंगावरून लाल गेलं, चार दिवसांत थांबलं, आणि गेल्या आठवड्यात पुन्हा डाग दिसला. वजन 80 किलोच्या वर, मधुमेहाची गोळी चालू. आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भपिशवीचं अस्तर 9 मिलिमीटर आलं. एक डॉक्टर म्हणाले, ओपीडीतच बारीक नळीने तुकडा घेऊ. दुसरे म्हणाले, भूल देऊन नीट क्युरेटिंग करू, म्हणजे पिशवी आतून खरवडून तुकडा घेऊ. आई भुलीला घाबरते आणि तुम्हाला धास्ती आहे की बारीक नळीतून आजार निसटला तर काय. म्हणून यातलं खात्रीचं उपकरण कोणतं, हे तुम्ही विचारलंय.

मी 27 वर्षं तालुक्याच्या गावात स्त्रीरोगाची प्रॅक्टिस करते आहे. यातली बहुतेक उपकरणं मी स्वतः वापरली आहेत, म्हणून आधीच सांगते: तुमच्या आईच्या बाबतीत नळीने सुरुवात करायला माझी काही हरकत नाही. पण उपकरणाच्या नावापेक्षा दुसराच प्रश्न जास्त मोलाचा आहे. रिपोर्टमध्ये "काही नाही" असं आलं, तर त्या "काही नाही"वर किती विसंबायचं? कर्करोग सापडला, तर तो कशाने सापडला याला महत्त्व उरत नाही, पुढचे उपचार सुरू होतात. गफलत होते ती चांगला रिपोर्ट आल्यानंतर.

पाळी गेल्यावर रक्त दिसलं की घरात पहिला शब्द कॅन्सरचा निघतो. अशा 100 बायका तपासल्या तर साधारण 9 जणींना अस्तराचा कर्करोग निघतो. बाकीच्यांमध्ये सुकून पातळ झालेलं अस्तर, पॉलिप म्हणजे आत लोंबणारा मांसाचा कोंब, किंवा अस्तराची साधी वाढ अशी कारणं असतात. पण उलटीकडून मोजलं तर हा कर्करोग झालेल्या 10 पैकी 9 जणींना आधी असाच रक्तस्राव झालेला असतो. म्हणून एक डागसुद्धा सोडून द्यायचा नाही. आईचं वजन आणि साखर या दोन्ही गोष्टी धोका वाढवतात. पाळी गेली तरी चरबीत इस्ट्रोजेन तयार होत राहतं, त्याला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन मात्र संपलेलं असतं, आणि अस्तर वाढत राहतं. अस्तर 4 मिलिमीटर किंवा त्याहून कमी असतं, तर कर्करोगाची शक्यता शंभरात एकाहूनही कमी धरतात, आणि पहिल्या वेळी तरी थोडं थांबता आलं असतं. इथे अस्तर 9 आहे आणि रक्त दुसऱ्यांदा गेलंय. तुकडा घ्यावाच लागणार, आणि त्याबाबत दोन्ही डॉक्टरांचं एकमतच आहे.

उपकरणांकडे वळण्याआधी एक गोष्ट विचारून घ्या. दोघांपैकी कोणी स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडून धरणारं साधन, लावून पिशवीचं तोंड डोळ्यांनी पाहिलंय का? आपल्याकडे पिशवीच्या तोंडाचा कर्करोग अजून खूप आहे, आणि त्यातही पाळी गेल्यावर रक्त जातं. सोनोग्राफीचा कागद घेऊन थेट "क्युरेटिंगला पाठवलंय" म्हणून आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांच्या पिशवीचं तोंड पाहताच तिथली जखम दिसली आणि तुकडा तिथूनच घ्यावा लागला. लघवीच्या जागेतून किंवा मूळव्याधीतून गेलेलं रक्तही पुष्कळदा याच खात्यात जमा होतं. ही तपासणी पाच मिनिटांची असते आणि तिला भूल लागत नाही.

आता उपकरणं.

मी शिकत असताना आमच्या वॉर्डात नोव्हाकची क्युरेट, म्हणजे अस्तर खरवडायचं हत्यार, होती. धातूची, किंचित वाकडी नळी, टोकाजवळ दातेरी खाच आणि मागे सिरिंज. 1930च्या दशकापासून ती वापरात आहे. उकळून, ऑटोक्लेव्ह करून पुन्हा पुन्हा वापरता येते म्हणून सरकारी दवाखान्यांत तिने वर्षानुवर्षं काम केलं. तुकडा चांगला देते, पण दुखतं. खाचेचे दाते अस्तर ओढतात तेव्हा बाई टेबलावरून उठायला बघते. 1970च्या सुमारास डेन्मार्कमधून व्हॅब्रा आलं. साधारण 3 मिलिमीटरची नळी आणि तिला जोडलेलं ओढ देणारं यंत्र. तेही भुलीशिवाय करता येतं, पण यंत्राच्या जोरदार ओढीने कळ बरीच येते, आणि आपल्या भागात ते मी फारसं पाहिलेलं नाही.

तुम्हाला ज्या "बारीक नळी"बद्दल सांगितलंय, ती बहुधा पिपेल. 1984 साली कॉर्निए या फ्रेंच डॉक्टरांनी ती पुढे आणली. जाडी 3.1 मिलिमीटर, म्हणजे शीतपेयाच्या स्ट्रॉपेक्षाही बारीक. प्लास्टिकची, लवचिक, टोकाजवळ बाजूला एक छोटं भोक आणि आत दट्ट्या. दट्ट्या मागे ओढला की आत पोकळी तयार होते आणि अस्तर भोकातून आत खेचलं जातं. पंप नको, सिरिंज नको. एकदा वापरून फेकून द्यायची असते. काही ठिकाणी ती धुऊन पुन्हा वापरतात. ते मला मुळीच मान्य नाही, कारण इतक्या बारीक नळीतला आधीच्या बाईचा कण पूर्ण निघाला की नाही हे कोणी सांगू शकत नाही.

जिथे पिपेल मिळत नाही, तिथे 4 मिलिमीटरची कारमान कॅन्युला आणि हाताने ओढायची मोठी सिरिंज वापरतात. गर्भपाताची मान्यता असलेल्या जवळजवळ प्रत्येक दवाखान्यात ती असतेच. मीही बरीच वर्षं तीच वापरली आणि तिने मला कधी दगा दिला नाही. ओढ पिपेलपेक्षा जास्त, तुकडा भरपूर, आणि कळही थोडी जास्त. टाओ ब्रश नावाचा, नळीच्या आवरणातून आत जाणारा ब्रशही आहे. अस्तर फारच पातळ असेल आणि नळीत काहीच येत नसेल, तर ब्रशला निदान पेशी तरी लागतात. मात्र त्या सूक्ष्मदर्शकाखाली वाचणारा डॉक्टर, म्हणजे पॅथॉलॉजिस्ट, त्या कामात मुरलेला हवा.

तुमच्या धास्तीचं उत्तर आता येतं. 1993 साली अमेरिकेत एक अभ्यास झाला. शस्त्रक्रियेने काढायच्या पिशव्यांमध्ये आधी पिपेल किंवा व्हॅब्रा फिरवलं आणि मग पिशवी उघडून अस्तर कुठे कुठे खरवडलं गेलंय ते मोजलं. पिपेलने अस्तराचा सुमारे 4 टक्के भाग घेतला होता, व्हॅब्राने सुमारे 41 टक्के. हा आकडा ऐकून कोणालाही वाटेल की मग पिपेल फेकूनच द्यावी. पण भूल देऊन केलेल्या क्युरेटिंगवरही असाच एक अभ्यास 1975 साली झाला होता. त्यात 60 टक्के बायकांमध्ये क्युरेट निम्म्या अस्तरापर्यंतही पोचली नव्हती. क्युरेटिंगमध्ये पिशवी "पूर्ण साफ" होते ही समजूत घरोघरी आहे, आणि ती खरी नाही. क्युरेटही आंधळीच फिरते. तिचं टोक कुठे लागतंय हे डॉक्टरला हाताच्या अंदाजावरच कळतं.

मग 4 टक्क्यांवर कर्करोग कसा सापडतो? तो पुष्कळदा पसरलेला असतो म्हणून. अस्तराच्या मोठ्या भागावर आजार असेल तर नळी कुठेही लागली तरी त्यातलं काहीतरी आत येतंच. शिवाय कर्करोगाचं अस्तर ठिसूळ असतं, ओढलं की सुटून येतं. 2000 साली 39 अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा पाळी गेलेल्या बायकांमध्ये पिपेलने 99 टक्क्यांहून जास्त कर्करोग पकडले होते. पण आजार एकाच जागी असेल तर गणित बदलतं. 1995 साली आधीच कर्करोग ठरलेल्या 65 बायकांमध्ये पिपेल करून पाहिली. 54 जणींत तो सापडला, 11 जणींत निसटला. निसटलेल्यांपैकी बहुतेकींचा आजार नुसत्या पॉलिपच्या आत होता किंवा अस्तराच्या 5 टक्क्यांहून कमी जागेत. पॉलिप लवचिक नळीला बाजूला सरून वाट देतो. क्युरेटलाही तो पुष्कळदा असाच चुकवतो.

म्हणून माझा हिशेब असा: पसरलेला आजार बारीक नळीही पकडते, आणि एका जागी लपलेला आजार भूल देऊन केलेली आंधळी क्युरेटिंगही चुकवू शकते. त्याला डोळाच लागतो, म्हणजे दुर्बीण, हिस्टेरोस्कोपी. भुलीचं ओझं घ्यायचंच असेल तर आतून पाहून घ्यावं, नुसतं खरवडून परत येऊ नये.

हे मला एका आजींनी शिकवलं. वय 66, अंगाने बारीक, एकदाच डाग गेला होता, अस्तर 7 मिलिमीटर. मी पिपेल केली आणि रिपोर्ट आला, "सुकलेलं अस्तर, नमुना थोडा." रक्तही थांबलं होतं. मी त्यांना पुन्हा दिसलं तर या असं सांगून घरी पाठवलं. तीन महिन्यांनी सून त्यांना घेऊन आली, पुन्हा डाग. दुर्बिणीतून पाहिलं तर सगळं अस्तर खरंच पांढरट आणि सुकलेलं होतं, पिपेलचा रिपोर्ट त्या भागापुरता खरा होता. पण उजव्या कोपऱ्यात, बीजनळीच्या तोंडाशी, मनुकेएवढा एक पॉलिप होता आणि त्याच्या टोकाला वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या. त्या टोकात कर्करोग निघाला. सुदैवाने लवकरचा होता, ऑपरेशन झालं आणि आजी आजही वर्षातून एकदा दाखवायला येतात. तेव्हापासून 7 मिलिमीटरच्या अस्तरातून सुकलेला तुटपुंजा नमुना आला की मी तो स्वीकारत नाही. सुकलेलं अस्तर 7 मिलिमीटर असत नाही. मग ती जाडी कशाची आहे, ते शोधल्याशिवाय थांबायचं नाही.

पिपेल नेमकी कशी करतात तेही सांगते, आईची भीती थोडी कमी होईल. मी तासभर आधी दुखण्याची गोळी देते, मधुमेह असल्याने उपाशी ठेवत नाही, आणि लघवी करून यायला सांगते. स्पेक्युलम लावून तोंड स्वच्छ करते. नळी पिशवीच्या वरच्या टोकाला हलकेच टेकली की दट्ट्या एका दमात मागे ओढायचा. मग नळी बोटांत फिरवत वर-खाली, वर-खाली न्यायची, सगळ्या बाजूंनी. इथेच घाई होते. नळीचं टोक तोंडातून बाहेर आलं की हवा आत शिरते, ओढ संपते आणि त्यानंतर कितीही फिरवलं तरी काही येत नाही. आईला पाळीसारखी जोरदार कळ येईल, अर्धा मिनिट ते मिनिटभर. काही जणींना घाम येतो, चक्कर येते. त्यांना तसंच झोपवून ठेवलं की दहा मिनिटांत बरं वाटतं. पिशवीला भोक पडण्याचा धोका हजारात एक-दोन इतका आहे. क्युरेटिंगमध्ये तो जास्त असतो, कारण पाळी गेलेल्या बाईची पिशवी लहान आणि मऊ झालेली असते आणि आत कडक धातू जातो.

नमुना फॉर्मेलिनच्या, म्हणजे तो टिकवणाऱ्या द्रवाच्या, बाटलीत टाकल्यावर मी बाटली उजेडासमोर धरते. नुसता शेंबूड आणि रक्त असेल तर ते तरंगतं, विरतं, पाणी लाल होतं. खरं अस्तर शेवयांच्या तुकड्यांसारखं, पांढुरकं-गुलाबी, तळाशी बसतं. तळाशी काहीच दिसलं नाही, तर तिथल्या तिथे दुसऱ्यांदा नळी घालायची. आठवड्याने "नमुना अपुरा" असा कागद हातात पडण्यापेक्षा तेव्हाचं अर्धं मिनिट परवडतं. बाटलीवर नाव घालणं आणि फॉर्ममध्ये वय, पाळी जाऊन किती वर्षं, अस्तराची जाडी, कसल्या गोळ्या चालू आहेत हे लिहिणं, हेही उपकरणाइतकंच महत्त्वाचं. रिकामा फॉर्म आला तर पॅथॉलॉजिस्ट तरी काय सांगणार.

नळीचं मोठं अपयश कर्करोग निसटण्यापेक्षाही दुसऱ्याच ठिकाणी आहे. 2016 साली पाळी गेल्यानंतरच्या रक्तस्रावाचे अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा शंभरात 11 जणींत नळी आतच गेली नव्हती आणि 31 जणींत नमुना अपुरा आला होता. आणि अशा अपुऱ्या-अपयशी नमुन्यांच्या बायकांत पुढे तपासल्यावर सुमारे 7 टक्क्यांना कर्करोग किंवा त्याची आधीची पायरी निघाली. अपुरा म्हणजे निर्दोष नव्हे, हे मी घरच्यांना स्पष्ट शब्दांत सांगते. अस्तर 4 मिलिमीटरच्या आत असेल आणि रक्त थांबलं असेल, तर अपुऱ्या नमुन्यावर थांबता येतं. तुमच्या आईच्या 9 मिलिमीटरवर थांबता येणार नाही.

बाळंतपण नैसर्गिक न झालेल्या किंवा पाळी जाऊन खूप वर्षं झालेल्या बायकांत पिशवीचं तोंड चिकटल्यासारखं अरुंद होतं. अशा वेळी मी जोर करत नाही. योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं मलम दोन आठवडे देऊन पुन्हा प्रयत्न करते, अर्थात तुकडा घेण्याची घाई नसेल तर. काही जण आधी मिसोप्रोस्टॉल, म्हणजे पिशवीचं तोंड सैल करणारी गोळी, देतात. पाळी गेलेल्या बायकांत त्याचा उपयोग फारसा होत नाही, पोटात मुरडा मात्र येतो. आणि नळी आत जाताच पू आला, तर आधी तो वाहू द्यायचा, अँटिबायोटिक द्यायचं आणि आठ-दहा दिवसांनी तुकडा घ्यायचा. पू आला म्हणून शोध सोडायचा नाही, कारण त्यामागेही कर्करोग असू शकतो.

आता तुमच्या आईचं. मी असते तर या क्रमाने गेले असते. आधी स्पेक्युलमने पिशवीचं तोंड पाहून पॅप तपासणी, म्हणजे तोंडावरच्या पेशी पुसून तपासणं. मग सोनोग्राफी करणाऱ्याला विचारायचं की 9 मिलिमीटर सगळीकडे सारखं आहे की एका जागी फुगलेलं आहे, आणि त्यात एकच रक्तवाहिनी शिरताना दिसते का. सारखं असेल तर ओपीडीत पिपेल, भूल नाही. एका जागी फुगलेलं असेल, पॉलिपसारखं दिसत असेल, किंवा आई स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेत असतील, तर नळीवर वेळ न घालवता थेट हिस्टेरोस्कोपी. आता 5 मिलिमीटरहून बारीक दुर्बिणी आहेत आणि शहरात बऱ्याच ठिकाणी त्या भुलीशिवाय, स्पेक्युलमही न लावता करतात. तिच्यातून चिमट्याने दिसेल तिथला तुकडा घेता येतो. भूल लागलीच तर हृदय आणि साखर तपासून ती देता येते. आईंना भुलीची भीती वाटते म्हणून पुढची तपासणी टाळायची असं होता कामा नये. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर तुकडा घेण्याआधी डॉक्टरांना सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका.

नळीचा रिपोर्ट चांगला आला तरी गोष्ट तिथे संपत नाही. नेदरलँड्समध्ये 200 बायकांवर एक चाचणी झाली. सगळ्यांचं अस्तर 4 मिलिमीटरहून जाड आणि नळीचा रिपोर्ट निर्दोष. त्यातल्या ज्यांची पुढे हिस्टेरोस्कोपी केली, त्यांच्यात निम्म्यांच्या आसपास पॉलिप निघाले आणि 98 पैकी 6 जणींना कर्करोग किंवा त्याची आधीची पायरी. म्हणून 9 मिलिमीटरवर नळीचा रिपोर्ट चांगला आला तरी मी हिस्टेरोस्कोपी सुचवेन. आणि पुन्हा एक डाग जरी दिसला तरी ती सुचवण्याची नव्हे, करण्याची गोष्ट होईल.

आणखी एक शब्द ओळखून ठेवा. रिपोर्टमध्ये "हायपरप्लेसिया", म्हणजे अस्तराची जादा वाढ, नुसता असेल तर तो बहुधा गोळ्यांनी किंवा पिशवीत बसवायच्या हार्मोनच्या कॉपर-टीसारख्या साधनाने आवरता येतो. पण त्यापुढे "ॲटिपिया", म्हणजे पेशींची बिघडलेली ठेवण, असेल तर तो निर्धास्त करणारा रिपोर्ट समजू नका. अमेरिकेत 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा रिपोर्ट असलेल्या 289 बायकांची पिशवी काढून पाहिली, तर सुमारे 43 टक्क्यांत आत आधीच कर्करोग होता. असा रिपोर्ट आला तर गावातच ऑपरेशनची घाई न करता कर्करोगाच्या शस्त्रक्रियेचा अनुभव असलेल्या डॉक्टरांना दाखवा.

तुकडा कुठेही घ्या, रिपोर्टसोबत स्लाइड (काचेवरचा काप) आणि तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक लॅबमधून मागून घ्या आणि घरी फाइलमध्ये जपून ठेवा. दुसरीकडे दाखवायची वेळ आली तर मोठं रुग्णालय आधी तेच मागतं. ब्लॉक हातात असला तर तोच नमुना पुन्हा वाचता येतो, आईंना पुन्हा टेबलावर चढावं लागत नाही.